चूक कुणाची? कूस पालटण्याच्या कामाचा इतिहास



या वेळी कोकणातल्या गावाचा किंवा जुन्या घराण्याचा इतिहास लिहीत नाही. या वेळी माझ्या स्वतःच्या कामाचा इतिहास आहे. आपल्या समाजातल्या कितीतरी बायकांनी हे काम केलं, मुंबईत केलं, मग इथे इस्रायलमध्ये येऊन केलं, आणि त्याबद्दल कुणी लिहिलेलं मला फारसं दिसलं नाही.

निमित्त झालं एका फोनचं. पुरीमच्या आधी एका संध्याकाळी अश्दोदहून नात्यातल्या एका मुलीचा फोन आला. तिची आई न्यूमोनियाने अतिदक्षता विभागात होती, इथल्या भाषेत टिपुल निम्रात्समध्ये. अकरा दिवस व्हेंटिलेटरवर. देवाची कृपा, ती वाचली आणि त्या दिवशी साध्या वॉर्डात आली. तिथे कूस वळवली तर माकडहाडापाशी हाताच्या तळव्याएवढी जखम.

"मावशी, तिथे तर एका नर्सकडे दोन-तीनच पेशंट असतात ना? मग हे झालं कसं? चूक कुणाची?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. चाळीस वर्षं नर्स होते, तरी दिलं नाही. कारण हा प्रश्न मला आधी एकदा तोंडावर विचारला गेला होता. ते पुढे सांगते. आधी या प्रश्नाचीच हकिकत सांगते, कारण तो दीडशे वर्षांहून जुना आहे.

मुंबईत आम्ही या जखमेला बेडसोर म्हणायचो. इथे पिट्सेई लाखात्स म्हणतात, म्हणजे दाबाच्या जखमा. हिब्रू नाव जास्त खरं आहे, कारण जखम बेडमुळे होत नाही, दाबामुळे होते. हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस चेपलं जातं, बारीक रक्तवाहिन्या मिटतात, तिथे रक्त पोचत नाही आणि तो भाग मरतो. आपण निरोगी माणसं झोपेतही नकळत कूस बदलतो. अंगाला खुपलं की शरीर आपोआप वळतं. बेशुद्ध माणसाला खुपत नाही आणि वळताही येत नाही. त्याच्या वतीने दुसऱ्या कुणाला तरी वळावं लागतं. ते काम नर्सचं.

मी १९७६ साली मुंबईत नर्सिंगच्या डिप्लोमाला गेले. आपल्या घरांतून मुलींना या कामाला पाठवायला तेव्हा फारशी हरकत नसे. डॉ. जेरुशा झिराड आपल्याच समाजाच्या. १९२८ ते १९४७ त्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या आणि १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. माझी आई त्यांचं नाव असं घ्यायची की जणू शेजारच्या घरात राहत होत्या. डॉक्टर होण्याइतके पैसे घरात नव्हते. मी नर्स झाले.

पहाटेची बॅक केअर हा आमचा रोजचा पहिला धडा. ट्रॉलीवर गरम पाणी, साबण, स्पिरिट आणि टाल्कम पावडर. वॉर्डातले मामा आणि मावशी पेशंटला कुशीवर धरायचे, आम्ही पाठ पुसायचो, स्पिरिट लावायचो, आणि जिथे लाल दिसेल तिथे जोर लावून चोळायचो. चोळलं की रक्त येतं, असं शिकवलं होतं. मग पावडर, चादरीची सुरकुती काढायची, माकडहाडाखाली रबरी एअर रिंग. आमच्या सिस्टर ट्यूटर म्हणायच्या, "माझ्या वॉर्डात बेडसोर दिसला तर पेशंटच्या आजाराचं नाव मला सांगू नका. ड्यूटीवर कोण होतं त्याचं नाव सांगा."

ही शिकवण त्यांची स्वतःची नव्हती. ती फ्लोरेन्स नाइटिंगेलची. १८५९ साली त्यांचं नर्सिंगवरचं छोटं पुस्तक बाहेर आलं. त्यात त्यांनी म्हटलं की पेशंटला बेडसोर झाला तर दोष सहसा आजाराचा नसतो, शुश्रूषेचा असतो. क्रिमियाच्या युद्धात त्यांनी घाणीत पडलेले सैनिक पाहिले होते. काय टाळता येतं आणि काय नाही, हे त्यांना इतरांपेक्षा जास्त दिसलं होतं. त्या एका वाक्याने नर्सिंगला मान मिळाला. जे काम मोलकरणीचं समजलं जायचं, त्यावर माणसाचा जीव अवलंबून आहे हे कळलं. पण त्याच वाक्याने नर्सच्या गळ्यात एक धोंडाही बांधला. जखम झाली की बोट तिच्याकडे.

त्याच काळात फ्रान्समध्ये उलट उत्तर दिलं जात होतं. पॅरिसचे झाँ-मार्तें शार्को हे मज्जारोगांचे फार मोठे डॉक्टर. मेंदूला किंवा कण्याला इजा झालेल्या पेशंटच्या अंगावर थोड्याच दिवसांत भयंकर जखमा पडतात आणि त्यातले बरेच मरतात, हे त्यांनी पाहिलं. त्यांचा निष्कर्ष असा की ही जखम मज्जातंतूंच्या बिघाडाने आतून येते. म्हणजे नर्सने काहीही केलं तरी यायचीच. शार्कोंच्या शब्दाला वजन होतं. अनेक डॉक्टरांनी हात झटकले.

गंमत अशी की याचं खंडन आधीच झालेलं होतं. ब्राउन-सेकार नावाच्या शास्त्रज्ञाने १८५० च्या दशकात कणा तोडलेल्या प्राण्यांवर प्रयोग केले होते. त्या प्राण्यांना स्वच्छ ठेवलं आणि एकाच जागी दाब पडू दिला नाही, तर जखमा होत नव्हत्या. पण मोठ्या माणसाचं सोपं उत्तर जास्त चाललं. कण्याला मार लागलेला माणूस म्हणजे थोड्या दिवसांचा सोबती, हा समज पहिल्या महायुद्धातही कायम होता. असे सैनिक बहुतेक मरायचे, बेडसोरच्या विषबाधेने किंवा लघवीच्या जंतुसंसर्गाने.

हे बदललं ते एका यहुदी निर्वासिताने. लुडविग गुटमन यांचा जन्म १८९९ चा, त्या वेळच्या जर्मनीतल्या सायलेशियाचा. नाझींनी यहुदी डॉक्टरांना सरकारी कामावरून काढलं तेव्हा ते ब्रेसलाऊच्या यहुदी हॉस्पिटलात गेले. नोव्हेंबर १९३८ च्या त्या काळरात्री, सिनेगॉग जळत असताना, त्यांनी हुकूम दिला की दाराशी जो येईल त्याला भरती करा. सकाळी गेस्टापो आली तेव्हा प्रत्येक खाटेपाशी उभं राहून त्यांनी एकेकाचा आजार सांगितला आणि साठेक माणसं वाचवली. १९३९ साली ते कुटुंबासह इंग्लंडला पोचले.

फेब्रुवारी १९४४ मध्ये स्टोक मँडेव्हिल हॉस्पिटलात कण्याच्या पेशंटचा विभाग त्यांच्या हाती आला. त्यांनी नवीन औषध आणलं नाही. त्यांनी सांगितलं, दर दोन तासांनी प्रत्येक पेशंटची कूस पालटायची, दिवसा आणि रात्री, अपवाद नाही. त्यासाठी माणसांच्या टोळ्या नेमल्या. रात्री ते स्वतः फिरून बघायचे की पेशंट खरंच वळवला की नुसता कागदावर वळवला. आणि मरणार म्हणून आलेले तरुण जगू लागले. जगले, म्हणून पुढे काय करायचं हा प्रश्न आला. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी, गुटमनांनी व्हीलचेअरवरच्या १६ जणांचे तिरंदाजीचे सामने भरवले. त्यातून पॅरालिंपिक उभं राहिलं. १९६८ साली ते सामने इथे, तेल अवीव आणि रामत गान भागात झाले. टीव्हीवर पॅरालिंपिक बघताना मला नेहमी वाटतं, या सगळ्याच्या मुळाशी कुणीतरी रात्री तीन वाजता उठून वळवलेली एक कूस आहे.

गुटमनांनी दाखवलं ते तरुण सैनिकांवर. म्हाताऱ्या पेशंटचं काय? ते काम डोरीन नॉर्टन या इंग्लिश नर्सने केलं. १९६२ साली त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर हॉस्पिटलातल्या वृद्ध पेशंटचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी २५० पेशंट पाहिले. त्यातून दोन गोष्टी निघाल्या. एक, ठरावीक वेळाने कूस पालटली तर जखमा कमी होतात. दोन, जखम व्हायच्या आधीच ओळखता येतं कुणाला होणार. त्यासाठी त्यांनी पाच प्रश्नांचं मोजमाप केलं. तब्येत कशी, शुद्ध कशी, चालतो का, अंथरुणात हलतो का, लघवी-शौच ताब्यात आहे का. प्रत्येकाला १ ते ४ गुण. बेरीज १४ किंवा खाली आली की सावध.

१९८७ साली अमेरिकेत बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी सहा प्रश्नांचं मोजमाप प्रसिद्ध केलं. त्यात जेवणखाण, ओलावा आणि घासणं हेही धरलं. इथल्या वॉर्डात मी दोन्ही वापरलेली आहेत. या तिघीही नर्स. डॉक्टर लोक दोष कुणाचा यावर भांडत होते तेव्हा नर्सेस मोजायला बसल्या, हे मला अभिमानाने सांगावंसं वाटतं.

आणि आमचं स्पिरिट, पावडर, चोळणं? ते पुढे चुकीचं ठरलं. लाल झालेल्या जागी आतल्या रक्तवाहिन्या आधीच दुखावलेल्या असतात. जोराने चोळलं तर त्या आणखी फाटतात. स्पिरिटने कातडी कोरडी पडते. रबरी रिंगने भोवतालचा रक्तप्रवाह आवळला जातो. आज हे सगळं करू नका म्हणून शिकवतात. इथल्या एका कोर्समध्ये मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझे हात मांडीवर होते, त्यांच्याकडे बघत राहिले. या हातांनी किती पाठी चोळल्या असतील! तेवढ्याच प्रेमाने, तेवढ्याच खात्रीने.

आता अतिदक्षता विभागाकडे येते. हा विभाग तसा नवा. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. श्वास बंद पडलेली मुलं खूप आणि यंत्रं मोजकी. ब्योर्न इब्सेन या भूल देणाऱ्या डॉक्टरांनी घशाला छिद्र पाडून, नळी घालून, हाताने पिशवी दाबून हवा द्यायला सांगितलं. सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने पिशव्या दाबल्या. पुढच्या वर्षी इब्सेन यांनी अशा पेशंटसाठी वेगळा विभाग सुरू केला, आणि तिथून जगभर अतिदक्षता विभाग झाले. जी माणसं पूर्वी दोन दिवसांत गेली असती ती आता तीन-तीन आठवडे जगू लागली, न हलता. म्हणजे जगवण्याच्या प्रत्येक नव्या यशाबरोबर दाबाच्या जखमेचा धोकाही वाढत गेला.

इथे गुटमनांचा नियम तसाच्या तसा चालत नाही. रक्तदाब टिकवायला नॉरअॅड्रेनलिन देतात. ते औषध कातडीचं रक्त कमी करून हृदयाकडे, मेंदूकडे राखतं. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटच्या फुप्फुसात घाण उतरू नये म्हणून डोक्याकडची बाजू उंच ठेवावी लागते. उंच ठेवली की माणूस खाली घसरतो, कातडी चादरीला चिकटून राहते आणि आतलं हाड पुढे सरकतं. म्हणजे फुप्फुस सांभाळावं तर माकडहाड धोक्यात. कधी पेशंट इतका नाजूक असतो की कुशीवर घेतला की रक्तदाब कोसळतो. शिवाय नळ्या, मास्क, बोटाला लावलेला क्लिप, यांच्याही जखमा होतात. व्हेंटिलेटरवरचा एक पेशंट वळवायला तीन-चार माणसं लागतात. एक जण फक्त डोक्याशी, नळी धरून. आठ खाटांचा विभाग आणि दर दोन तासांनी कूस म्हटलं तर दिवसाला ९६ वेळा हे करायचं. बाकी सगळी कामं सांभाळून.

आता माझी गोष्ट. नव्वदच्या दशकात मी ज्या विभागात होते तिथे आपलेच एक काका आले, मूळचे अलिबागकडचे. हृदयाचं मोठं ऑपरेशन झालेलं. थोडी शुद्ध आली की नळी असतानाच ओठ हलवून मला "बाय" म्हणायचे. मी त्यांची जास्त काळजी घेतली, हे सांगायला लाज नाही. पाठ रोज बघितली. टाचाही बघितल्या. पुस्तकात लिहिलं होतं, पहिली खूण म्हणजे लाली. दाबल्यावर न जाणारी लाली. मला लाली दिसली नाही. आठव्या दिवशी डावी टाच जांभळी-काळी झाली आणि मऊ लागली. आतलं मांस तोवर गेलेलं होतं.

पुस्तकातली चित्रं गोऱ्या कातडीची होती. आपल्या सावळ्या कातडीवर ती लाली दिसत नाही, किंवा फार उशिरा दिसते. तिथे हात लावून बघावं लागतं. आजूबाजूपेक्षा गरम लागते का, घट्ट लागते का, रंग थोडा गडद आहे का. हे आता शिकवतात. तेव्हा मला कुणी शिकवलं नव्हतं. पण माझी स्वतःची कातडी त्याच रंगाची आहे. मला कळायला हवं होतं.

काकांचं हृदय बरं झालं आणि टाचेसाठी ते तीन महिने हॉस्पिटलात राहिले. त्यांचा मुलगा मला कॉरिडॉरमध्ये भेटला. "तू आपली असून?" एवढंच म्हणाला आणि गेला. पुढे लग्नात, मलिद्याला समोर आला तरी बोलला नाही. मी त्याला दोष देत नाही. पण मला त्याला सांगायचं होतं की रात्रपाळीला त्या आठवड्यात आमच्यातल्या दोघी आजारी होत्या, की टाचेखाली उशी होती पण ती सरकली, की मी रोज बघत होते. हे सगळं खरं होतं आणि यातलं काहीही त्या टाचेला पुरेसं नव्हतं.

जगभर हा प्रश्न अजून सुटलेला नाही. १५ मे २०१८ या एकाच दिवशी ९० देशांतल्या १,११७ अतिदक्षता विभागांत १३,२५४ पेशंट तपासले गेले. चारातल्या एकाहून जास्त पेशंटला दाबाची जखम होती. तिथेच, अतिदक्षता विभागातच झालेली, अशी १०० पैकी सुमारे १६ जणांना होती. सगळ्यात जास्त माकडहाडाला, मग टाचेला. श्रीमंत देशांतली हॉस्पिटलंही त्यात होती.

चुकीच्या प्रश्नात पुढे पैसाही आला. ऑक्टोबर २००८ पासून अमेरिकेच्या मेडिकेअरने ठरवलं की हॉस्पिटलात झालेल्या खोल बेडसोरच्या उपचाराचे जादा पैसे द्यायचे नाहीत. त्यामुळे काळजी वाढली, आणि कागदही वाढले. २०१० साली तिथल्याच तज्ज्ञांनी बसून मान्य केलं की बहुतेक जखमा टाळता येतात, सगळ्या नाही. नाइटिंगेल आणि शार्को, दोघांनाही थोडंथोडं बरोबर ठरवायला एवढी वर्षं लागली.

माझ्या शेवटच्या वर्षी, २०२० साली, कोरोना आला. पेशंटना पालथं ठेवायचो, सोळा सोळा तास. पाठ वाचली, पण गाल, हनुवटी, छाती आणि गुडघे धोक्यात. पीपीईच्या पोशाखात पाच जणी मिळून एका माणसाला वळवायचो आणि चेहऱ्याखाली मऊ पट्ट्या लावायचो. आमच्या स्वतःच्या नाकावर मास्कच्या दाबाच्या जखमा होत्या. घरचं कुणी आत येऊ शकत नव्हतं. हे काम कुणी पाहिलं नाही. तसं ते कधीच दिसत नाही. जखम झाली तर फोटो काढतात. जखम झाली नाही, तर फोटो कशाचा काढणार?

अश्दोदच्या मुलीला मी शेवटी काय सांगितलं ते लिहिते, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे आईवडील आता त्या वयाचे आहेत.

मी म्हटलं, "बाय, चूक झाली असेल. कदाचित नसेलही. जखम आतून सुरू होते, वर दिसायला दोन-तीन दिवस लागतात. पण 'चूक कुणाची' विचारलंस की समोरचा दार लावून घेईल. त्यापेक्षा विचार, जखम पहिल्यांदा कधी लिहिली गेली? आता किती वेळाने वळवता? रात्री वळवायला किती माणसं असतात? टाचा अधांतरी आहेत का? आहारतज्ज्ञ कधी येऊन गेली? आणि सांग, माझ्या आईची कातडी सावळी आहे, डोळ्याने बघू नका, हाताने बघा. स्वतः चोळू नकोस."

रात्रीच्या माणसांबद्दल विचारायला मी मुद्दाम सांगितलं. इतक्या वर्षांच्या इतिहासातून मला एवढंच कळलं आहे. गुटमनांनी टोळ्या नेमल्या म्हणून त्यांची माणसं जगली. एकट्या नर्सचा चांगुलपणा पुरत नाही. आठ खाटांना रात्री हात किती, हे ज्याने ठरवलं त्यालाही हा प्रश्न विचारला पाहिजे.

रविवारी मी अश्दोदला गेले. ड्यूटीवरची अखोत इथिओपियन, तिशीची. मी कोण ते सांगितल्यावर ती जरा बिचकली. मी म्हटलं, चल, दोघी मिळून वळवू. हिब्रूत नर्सला अखोत म्हणतात, म्हणजे बहीण. मुंबईत सिस्टर म्हणायचे, अर्थ तोच. ती डोक्याशी, मी कमरेशी, मुलगी पायाशी. टाच मी हाताने पाहिली. गार होती, मऊ होती, ठीक होती. काकूंनी डोळे उघडले आणि मराठीत विचारलं, "किती वाजले?" मी सांगितलं, "चार. आता सहाला परत."

४१व्या तेहिलिममध्ये आजाऱ्याच्या अंथरुणाचा आणि ते पालटण्याचा उल्लेख आहे. रब्बींनी त्याचे अर्थ अनेक लावले. नर्सला त्यातला एक अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

बिकुर खोलिमला जाल तेव्हा फुलं आणि फळं न्याच. पण पाच मिनिटं पांघरूण वर करून टाचांनाही हात लावून बघा.